छावणीची रसद आणि गावची चावडी

वारासिवनीहून आमच्याकडे एक पत्र आले आहे. वारासिवनी हे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानावरून गेलेले नसेल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. बालाघाट–कटंगी रेल्वेमार्गावरचे एक स्थानक, भोवताली भातशेती, गावात हातमाग, आणि घरात पोवारी वा मराठी, बाजारात हिंदी अशी सहज भाषा पालटणारी माणसे. पत्रलेखक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे चिरंजीव वास्कोला नोकरीस असतात. पावसाळ्याचे दोन महिने मुलाकडे राहावयास आले असता आमचे दैनिक त्यांच्या वाचनात आले आणि गावी परतल्यावर त्यांनी आठ पानी पत्र आम्हांस धाडले. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. ती आम्ही पाळतो. परंतु त्यांनी जो विषय मांडला आहे तो वारासिवनीपुरता नाही. तो वास्कोचा आहे, डिचोलीचा आहे, सांग्याचा आहे. म्हणून आज या स्तंभात त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पत्रलेखकांचे म्हणणे थोडक्यात दोन कलमांत सांगता येईल. पहिले असे की, त्यांच्या गावात एका निवडणुकीपासून दुसऱ्या निवडणुकीपर्यंत अखंड भांडण चालते. तिकीट कोणाच्या माणसाला मिळाले, रस्त्याचे कंत्राट कोणी पटकावले, कमानीवर कोणाचे नाव कोरायचे, यावर चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. पण आपला जिल्हा देशाच्या सैन्याला काय पुरवतो आणि त्याच्या मोबदल्यात जिल्ह्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न कोणी काढीत नाही. दुसरे कलम असे की, हे राजकारण इतके हीन झाले आहे की सैन्याच्या रसदीचा विषय त्यापासून शंभर हात दूर ठेवावा. सामान्य माणसाने सैन्यावर विश्वास टाकून गप्प बसावे, आणि वृत्तपत्रांनीही दारूगोळ्याच्या तुटवड्याची चर्चा करू नये, कारण शत्रू वाचत असतो.

पहिल्या कलमाशी आम्ही संपूर्ण सहमत आहोत. दुसऱ्याशी आमचा मतभेद आहे, आणि तो आम्ही आदरपूर्वक पण स्पष्टपणे मांडणार आहोत. पत्रलेखकांचा हेतू शुद्ध आहे यात संशय नाही. पण शुद्ध हेतूने दिलेला सल्लाही कधी कधी नेमका ज्यांच्या पथ्यावर पडू नये त्यांच्या पथ्यावर पडतो.

प्रथम बालाघाट देशाला काय देतो ते पाहू. हा जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून बनविण्यात आला. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे त्याचा कारभार नागपूरहून चालला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगेला मात्र राज्यपुनर्रचना ठाऊक नाही. ती बालाघाटवरून वाहत खाली भंडाऱ्याकडे येते, आणि तिच्या दोन्ही अंगांची माणसे आजही एकमेकांच्या घरी सोयरिकी करतात. ही नदी वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

या जिल्ह्याच्या पोटात मँगनीज आहे. बालाघाट शहरालगतची भरवेलीची खाण भूमिगत असून तिची खोली चारशे मीटरांच्या आसपास गेली आहे. उकवा आणि तिरोडी येथेही खाणी आहेत. मँगनीजविना पोलाद होत नाही. लोखंडात गंधक राहिले तर तापल्यावर ते ठिसूळ बनते. मँगनीज त्या गंधकाला बांधून घेते आणि रसातला प्राणवायू काढून टाकते. मग ते पोलाद रुळाचे असो, पुलाचे असो, की रणगाड्याचे असो. रॉबर्ट हॅडफील्ड या शेफील्डच्या धातुशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सुमारे १२ ते १३ टक्के मँगनीज असलेले एक पोलाद शोधून काढले. त्याचे वैशिष्ट्य असे की, जितके ठोकावे तितके ते अधिक कठीण होत जाते. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर जे शिरस्त्राण चढले ते याच जातीच्या पोलादाचे होते. त्या युद्धात दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाली आणि रशियाचे मँगनीज दोस्त राष्ट्रांना मिळेनासे झाले, तेव्हा इंग्लंडची भिस्त हिंदुस्थानच्या मँगनीजवर पडली. आणि हिंदुस्थानच्या मँगनीजचे माहेरघर म्हणजे नागपूर, भंडारा, बालाघाट हा मध्य प्रांताचा पट्टा. फ्लँडर्सच्या खंदकातल्या सैनिकाचे मस्तक वाचविणाऱ्या पोलादामागे डोक्यावर टोपली घेऊन खनिज वाहणाऱ्या गोंड मजुरांच्या घामाचाही वाटा होता, हे इंग्रजांच्या युद्धेतिहासात कोणी ठळक अक्षरांत लिहिले नाही.

खाणी तेव्हा विलायती कंपनीच्या होत्या. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या एका इंग्रजी सिंडिकेटपासून त्यांचा वंश सुरू होतो. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी नागपुरात उभी राहिली, आणि १९७७ मध्ये विलायती कंपनीकडे उरलेला ४९ टक्के हिस्साही सरकारने घेतला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी ही जमीन खऱ्या अर्थाने आपली झाली. याच जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची देशातली सर्वांत मोठी उघडी खाण १९८२ पासून चालू झाली. तांबे म्हणजे केवळ विजेची तार नव्हे. रायफलीच्या काडतुसाचे पितळी कवच ज्या मिश्रधातूचे असते त्यात शंभरातले सत्तर भाग तांबे असते.

आता गावच्या भांडणाकडे वळू. वारासिवनीचे राजकारण पत्रलेखकांना वाटते तितके क्षुल्लक नाही. एके काळी त्याने भोपाळचे सरकार तोलून धरले होते. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने येथील उमेदवारी तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांचे मेहुणे संजयसिंह मसानी यांना दिली. ते निवडणुकीच्या तोंडावर भाजप सोडून आले होते. काँग्रेसचे जुने आमदार प्रदीप जायसवाल यांनी बंड केले, अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. २३० जणांच्या सभागृहात काँग्रेसला ११४ जागा मिळाल्या होत्या. बहुमताला दोन कमी. अपक्षांना मोल आले. जायसवाल कमलनाथ मंत्रिमंडळात मंत्री झाले, आणि खाते कोणते मिळाले? खनिजाचे! मार्च २०२० मध्ये ते सरकार पडले. आमदारांनी नव्या सत्तेला पाठिंबा दिला आणि राज्य खनिज महामंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२३ ची निवडणूक त्यांनी भाजपच्या तिकिटावर लढविली आणि काँग्रेसच्या विवेक पटेल यांनी त्यांचा पराभव केला.

यात कायद्याला सोडून काही घडले असे आम्ही म्हणत नाही. मतदारांनी दोन वेळा आपला कौल दिला, आणि दोन्ही वेळा तो प्रस्थापितांना धक्का देणारा होता. हे लोकशाहीच्या जिवंतपणाचेच लक्षण मानावे लागेल. आमचा मुद्दा निराळा आहे. खनिजाने समृद्ध जिल्ह्यातील गावाला प्रथम खनिजमंत्री लाभला, पाठोपाठ खनिज महामंडळाचा अध्यक्ष लाभला. असा योग क्वचितच येतो. आणि पत्रलेखक लिहितात की, त्या सर्व काळात टपरीवरची चर्चा ‘कोण कोणाला सोडून गेला’ या एकाच खुंट्याभोवती फिरत राहिली. खाणीत उतरणाऱ्यांच्या फुप्फुसांत धूळ किती जाते, खाणीच्या पंचक्रोशीत पिण्याचे पाणी कसे आहे, जिल्ह्याच्या वाट्याचा पैसा कोठे खर्च झाला, हे कोणी कोणाला विचारले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

या अंधाराची किंमत बालाघाटने मोजलेली आहे. डिसेंबर १९९९ मध्ये मध्य प्रदेशचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी याच जिल्ह्यात, त्यांच्या स्वतःच्या गावी, निर्घृण हत्या केली. त्या हत्येचे समर्थन कोणत्याही सबबीखाली होऊ शकत नाही. परंतु ज्या जंगलातून खनिजाचे व लाकडाचे ट्रक अहोरात्र जातात, त्या जंगलातल्या माणसाचा शब्द चावडीवर ऐकला जात नसेल, तर तेथे बंदुकीचा आवाज ऐकू येऊ लागतो, ही गोष्ट गेल्या अर्धशतकाने आपल्याला शिकविली आहे. मग त्या बंदुकीस उत्तर द्यायला आणखी बंदुका लागतात, आणि त्यांची रसद पुन्हा त्याच रस्त्याने न्यावी लागते.

येथवर आम्ही पत्रलेखकांच्या बरोबर आहोत. पण म्हणून ‘सैन्याच्या विषयात राजकारण नको’ हा त्यांचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. किंबहुना इतिहासाचा दाखला नेमका उलट आहे.

१९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असता लंडनमार्गे जीपगाड्यांची खरेदी झाली. मागणीच्या मानाने मूठभर गाड्या आल्या आणि त्याही चालण्याजोग्या नव्हत्या. हे देशाला कळले ते संसदेत प्रश्न विचारले गेले म्हणून. १९६२ मध्ये आपले जवान हिमालयात अपुऱ्या कपड्यांनिशी उभे राहिले. त्यापूर्वी ज्यांनी संरक्षण खात्याच्या तयारीबद्दल शंका काढल्या त्यांना गप्प बसविण्यात आले होते. पराभवानंतर त्याच संसदेच्या रेट्याने कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीस गेले. त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९६२ मध्ये, संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग निघाला. आणि भंडारा, अंबाझरी, भद्रावती, वरणगाव येथले दारूगोळ्याचे व शस्त्रसामग्रीचे कारखाने त्यापुढच्या काही वर्षांत उभे राहिले. म्हणजे विदर्भ-खानदेशातले हे कारखाने ज्या जागृतीचे फळ आहेत, ती जागृती राजकीय वादविवादानेच आणली होती.

१९८६ मध्ये बोफोर्स कंपनीच्या ४१० तोफांचा करार झाला. १९८७ मध्ये दलालीचे प्रकरण बाहेर आले आणि १९८९ च्या निवडणुकीत त्यावरून सरकार गेले. तोफ वाईट नव्हती. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर तिने आपले मोल सिद्ध केले. पण तोफ चांगली आहे म्हणून दलालीचा प्रश्न विचारू नये, असे कोणी म्हणेल काय? २०१२ मध्ये दारूगोळ्याच्या तुटवड्याविषयी तत्कालीन लष्करप्रमुखांनीच पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि ते वृत्तपत्रांत आले. २०१७ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी संसदेला सादर केलेल्या अहवालात सांगितले की, सप्टेंबर २०१६ ची स्थिती पाहता तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. हा अहवाल शत्रूनेही वाचला असेल. परंतु तो आपण वाचला नसता, तर साठा वाढविण्याची निकड सरकारला कोणी लावली असती? रोग लपवून ठेवला की तो बरा होतो, असे कोणत्याही वैद्याने अद्याप सांगितलेले नाही.

गुप्ततेला मर्यादा असते, आणि ती ओळखणे कठीण नाही. तोफगोळ्यात काय भरले आहे, ते कोठे साठवले आहे, कोणत्या सीमेवर केव्हा जाणार आहे, हे गुप्तच राहिले पाहिजे. ते फोडणारा देशद्रोही होय. पण तो गोळा भरणाऱ्या मजुराला काय वेतन मिळते, तो कायम नोकर आहे की ठेकेदाराचा, त्याच्या डोक्यावरचे छप्पर किती जुने आहे, आणि तो मेला तर त्याच्या बायकामुलांचे काय होते, यात गुप्त असे काहीच नाही. दुर्दैवाने आपल्याकडे पहिल्या प्रकारची माहिती अधूनमधून फुटते, आणि दुसऱ्या प्रकारची मात्र कुंपणाच्या आत कडेकोट सांभाळली जाते!

येथे वैनगंगेकडे परतावयाचे. तिच्या खालच्या अंगाला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुधनिर्माणी कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तेथे स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथे, संरक्षण खात्यालाही माल पुरविणाऱ्या एका खासगी कारखान्यातल्या स्फोटात नऊ जण गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडाराला आग लागून सोळाहून अधिक जवान, अधिकारी व अग्निशामक दलाचे लोक बळी पडले. आणि त्याच पुलगावला २० नोव्हेंबर २०१८ रोजी कालबाह्य दारूगोळा नष्ट करताना सहा जण मेले. त्यांत बहुतेक आसपासच्या खेड्यांतले, ठेकेदाराने रोजंदारीवर आणलेले मजूर होते.

या शेवटच्या घटनेपाशी आम्ही वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. निकामी झालेला बॉम्ब पुरण्याचे काम देशातल्या अत्यंत कुशल हातांचे आहे. ते काम शेतात मजुरी न मिळालेल्या माणसाच्या हाती जाते कसे? हा ठेका कोणाला मिळतो, कोणत्या अटींवर मिळतो, त्या अटी कोण तपासतो? हे प्रश्न दिल्लीच्या दप्तरातले नाहीत. ते तालुक्याच्या चावडीवरचे आहेत. ठेकेदार तालुक्याचा असतो, मजूर खेड्यातला असतो आणि प्रेत घरी आणणारी बैलगाडी वा टेंपो त्याच गावचा असतो. सीमेवर मेलेल्या जवानाच्या अंत्ययात्रेला मंत्री येतात, हे योग्यच आहे. पण त्याच जवानाच्या बंदुकीची दारू भरताना मेलेल्या बाईच्या दारी कोण जाते? दोघांनीही देशाच्या रक्षणाकरिताच प्राण दिला. एकाच्या अंगावर गणवेश होता आणि दुसरीच्या अंगावर नव्हता, एवढाच काय तो फरक.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्याच्या तोंडावर, ३० जून २०२१ च्या अध्यादेशाने, संरक्षण सेवांतील संपाला बंदी घालण्यात आली. कारभार सुधारावा म्हणून कंपन्या कराव्यात की नाही, यावर दोन मते असू शकतात. परंतु ज्या कामगाराचे तोंड बंद करावयाचे, त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी तोंड बंद करणाऱ्यावर दुप्पट येऊन पडते, याविषयी दुमत होऊ नये.

पत्रलेखक म्हणतील, हे सर्व नव्या काळाचे, पाश्चात्य हक्कांच्या कल्पनेतून आलेले विचार आहेत. तसे नाही. आमच्याच कोकणातला दाखला आहे. १६७३ च्या सुमारास शिवछत्रपतींचे लष्कर चिपळूणजवळ पावसाळ्याच्या छावणीस होते. तेथल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, तुम्हांस दाणावैरण दिली आहे ती बेताने वापरा. आत्ताच उधळून टाकाल तर पुढे उपास पडतील, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिरून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी ओढून आणू लागाल. तसे झाले तर रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. हवे ते बाजारातून दाम देऊन घ्या. रात्री जळता दिवा ठेवाल तर उंदीर वात नेतील आणि गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. स्वराज्यावर चहूबाजूंनी संकटे असता सैन्याच्या रसदीचा विचार राजा कोणाच्या बाजूने करीत होता? रयतेच्या. कारण रयत उठून गेली तर उद्याची रसदच उरणार नाही, हे तो जाणत होता.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हाच विचार आहे. आरमाराकरिता लाकूड लागते. पण आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा आणि दारूची तपासणी दर आठ-पंधरा दिवसांनी व्हावी, हेही त्यात सांगितले आहे. तीनशे वर्षांपूर्वी एका मराठी मुत्सद्द्याला जे सुचले ते आज आपल्याला विलायती वाटावे, यापरते दुर्दैव कोणते?

आता थोडे आपल्या अंगणात पाहू. वारासिवनीला हसण्याचा अधिकार आम्हां गोमंतकीयांस नाही. वास्कोच्या गोवा शिपयार्डात देशाच्या आरमारासाठी युद्धनौका बांधल्या जातात. ‘त्रिपुट’ ही लढाऊ नौका तेथे २३ जुलै २०२४ रोजी पाण्यात उतरली, याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याच शिपयार्डात सुरुंगशोधक नौका बांधण्याचा सुमारे ३२ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प वर्षानुवर्षे वाटाघाटीत रखडून २०१८ मध्ये बारगळला, तेव्हा त्याची चर्चा आपल्या ग्रामसभांत किती झाली? समुद्रात पेरलेले सुरुंग मुरगावच्या बंदराचा रस्ता बंद करू शकतात. म्हणजे हा प्रश्न केवळ नोकऱ्यांचा नव्हता, आपल्या दाराच्या कडीचा होता. त्या वर्षी आपण कशावर भांडत होतो, हे वाचकांनी आठवून पाहावे.

खाणींचेही तेच. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद झाल्या. त्या काळात डिचोली, सांगे, केपे येथे गावेच्या गावे दोन तटांत विभागली. ट्रकवाले एका बाजूस, शेतात गाळ आलेले शेतकरी दुसऱ्या बाजूस. भावाभावांत बोलणे बंद झाले, चवथीला एकमेकांच्या माटोळीखाली बसणे बंद झाले. ज्यांनी मर्यादा सोडून खनिज काढले त्यांचे मात्र काही अडले नाही. लहान गावचे भांडण हे पुष्कळदा असे असते: दोन गरजवंत एकमेकांच्या उरावर बसतात, आणि ज्याला जाब विचारावयाचा तो वाटेने निघून जातो.

तेव्हा आमचे मत असे की, गावचे भांडण बंद करावयाचे नाही. त्याचा विषय बदलावयाचा आहे. भांडण हे लोकशाहीचे पहिले पाऊल आहे. कमानीवरच्या नावासाठी जी माणसे रात्री जागवू शकतात, तीच माणसे योग्य प्रश्नासाठीही जागवू शकतील. तो प्रश्न विचारण्याचे साधन कायद्याने दिलेले आहे. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खनिज जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याचे बंधन आले. जुन्या पट्टेदारांनी आपल्या रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम त्यात भरावयाची, आणि ती खाणबाधित गावांच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर खर्चावयाची, असा तो नियम आहे. हा पैसा दयेचा नाही, हक्काचा आहे. त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा, ही मागणी करण्यास कोणत्याही पक्षाचे सभासद असावे लागत नाही.

याच चालीवर आणखी तीन गोष्टी मागता येतील. संरक्षण सामग्रीच्या कारखान्यात वा भांडारात जे जे रोजंदारीवर जातात, त्यांची नोंद त्या त्या ग्रामपंचायतीत असावी, म्हणजे ठेकेदाराला उद्या ‘हा माणूस माझा नव्हेच’ असे म्हणता येणार नाही. प्रत्येक स्फोटानंतर चौकशी समिती नेमली जाते. तिच्या अहवालातला शस्त्ररचनेचा भाग वगळून सुरक्षिततेविषयीचा भाग ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा. आणि अशा कामात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला, तो ठेकेदाराचा मजूर असला तरी, कायम कामगाराइतकीच भरपाई मिळावी. या तिन्ही मागण्यांत शत्रूच्या उपयोगाचे एक अक्षरही नाही. असलाच तर उपयोग सैन्याचा आहे. ज्या कारखान्यात माणसाच्या जिवाची तपासणी होत नाही, तेथे गोळ्याची तपासणी तरी नीट होत असेल कशावरून? निष्काळजीपणा कामगारावर थांबत नाही. तो पेटीत भरला जाऊन सीमेवरच्या तोफेपर्यंत पोचतो.

बालाघाटचा चिन्नोर तांदूळ २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसला. तांदळावर गावाचे नाव लागले, हे चांगले झाले. पण त्याच मातीतून निघणाऱ्या मँगनीजवर कोणाचे नाव लागत नाही. ते पोलादात विरून जाते, आणि पोलाद रणगाड्यात. ज्या वस्तूवर नाव नसते तिच्या निर्मात्याची आठवण राखणे हे राजकारणाचे काम आहे. ते राजकारण हीन नव्हे. आमच्या मते याहून उच्च असे राजकारण लहान गावाला करता येण्यासारखे नाही.

पत्राच्या अखेरीस गुरुजींनी विचारले आहे: आमच्यासारख्या आडगावच्या म्हाताऱ्याने सैन्याविषयी मत बाळगावे की नाही? आमचे उत्तर असे आहे. गुरुजी, मत बाळगाच, आणि ते टपरीवर मोठ्याने सांगा. तुम्ही ज्या मुलांना अक्षरे शिकविलीत त्यांतला कोणी खाणीत उतरला असेल, कोणी सैन्यात गेला असेल, कोणी ठेकेदार झाला असेल, कोणी पुढारी. तुमचा विद्यार्थी समजूनच त्यांना हिशेब विचारा. पुढल्या पावसाळ्यात वास्कोस याल तेव्हा आमच्या कचेरीत अवश्य या. तोवर आम्ही आमच्या चावडीवर हेच प्रश्न विचारीत राहू. चिपळूणच्या छावणीत रयतेची भाकर वाचविण्यासाठी जो राजा हवालदारांना खडसावू शकला, त्याचे नाव आपण ऊठसूट घेतो. त्याचा धडा गिरविण्याची वेळ मात्र अजून यायचीच आहे.